अर्ध्या रेघेचा गंधार

नाही, ती नको, ती हिरवी फाईल राहू दे — ती प्रकाशकांची, तिच्यात तुझ्या कामाचं काही नाही. तुला हवी ती खाकी, खालच्या कप्प्यातली, वर 'स्नेही' असं लिहिलंय बघ — हां, तीच. सावकाश ओढ, लाकूड फुगलंय. धूळ असेल, काय करणार, रोज म्हणतो आज पुसू, आणि रोज एक फाईल उघडून बसतो नि ती वाचण्यातच दुपार जाते. मार्चअखेर जागा सोडायची आहे ना — सगळ्या बिल्डिंगनेच, रिडेव्हलपमेंट — अख्ख्या नौपाड्यात हेच चाललंय, कुणाकडेही जा, माणसं खोक्यांच्या मधे बसलेली. मुलगा फोनवर सांगतो, बाबा, कागद रद्दीत घाला, हवं तर मोबाइलमधे फोटो काढून ठेवा. एक्केचाळीस वर्षांची पत्रं आहेत. आलेली आणि गेलेली, दोन्ही. हो, गेलेलीसुद्धा — मी प्रत्येक पत्राखाली कार्बन घालायचो, नुसतं 'अंक मिळाला, आभारी आहे' एवढं कार्ड असलं तरी. बायको म्हणायची, दूधवाल्याला चिठ्ठी लिहाल तिचीही प्रत ठेवा. ती चेष्टा करायची, पण संगीतावर लिहिणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य असंच जातं — संपादकाला आठवण, प्रकाशकाला आठवण, अमक्या विद्वानाने तमक्या अंकात आपल्याला काय म्हटलं त्याला उत्तर, उत्तराला उत्तर. गाणं ऐकायचं राहूनच जातं. मी गेल्या सहा वर्षांत एक मैफल पूर्ण ऐकलेली नाही. कंटाळा येतो.

बस ना, पंख्याखाली बस. चहा ठेवू? — मगाशी विचारलं का मी? बरं. तर स्वप्ना, तुझ्या बाबांचं पहिलं कार्ड त्यात सगळ्यात तळाशी असेल, शहाऐंशी सालचं. मी इथे ग्रंथालयात व्याख्यान दिलेलं, लोकगीतांत रागांची बीजं कशी सापडतात यावर, आणि आठवड्याने डोंबिवलीहून कार्ड आलं. मी विश्राम भोईर, प्राथमिक शिक्षक, आपलं व्याख्यान शेवटच्या रांगेतून ऐकलं. आमच्या आगरी समाजात लग्न लावायला धवलारीण लागते, हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीला ती एकेक धवला म्हणते, तर ही गाणी कोणी स्वरांसकट लिहून ठेवली आहेत का, आणि नसतील तर मला नोटेशन शिकवाल का. इतकं सरळ. ना ओळख ना पाळख. माझ्याकडे त्या काळात विद्यापीठातली माणसं महिना महिना आधी वेळ मागून यायची, आणि हा कार्डावर विचारतोय. मी गमतीत लिहिलं, तुमची शाळा दोन पाळ्यांची, तुम्हाला ठाण्याला यायला जमणार कधी, पोस्टाने शिकवतो. त्याने ते खरंच मानलं. पुढची पाच-सहा वर्षं दर सोमवारी कार्ड — एका बाजूला पत्ता नि दोन ओळी खुशाली, दुसऱ्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात सरगम. मी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचो. दोनशेच्या वर कार्डं झाली असतील. ती तुझ्याकडे असतील, घरी. — आहेत ना? वाटलंच. तो टाकणारा नव्हता.

तुला नोटेशन वाचता येतं? — थोडं. थोडं पुरे. सा रे ग म, अक्षर नुसतं असलं तर शुद्ध, आणि ग, रे, ध, नी यांतल्या कुणाच्या खाली आडवी रेघ असली तर तो कोमल, म्हणजे थोडा उतरलेला. एवढंच लक्षात ठेव, बाकी काही लागणार नाही आज. हे सगळं मी त्याला शिकवलं, कार्डावर. आणि ते शिकून तो रविवारी कोळशेतला जायचा, मंजुळाबाईंकडे. शाळेचा टेपरेकॉर्डर घेऊन, मुख्याध्यापकांची चिठ्ठी घेऊन. त्या बाई कुणासमोर असंच गायच्या नाहीत म्हणे, लग्न नसताना धवला म्हणायचा नाही, तो विधी आहे. मग यानं काय केलं माहीत आहे? पाटावर दोन सुपाऱ्या मांडल्या, एक नवरा एक नवरी, हळद लावली, आणि म्हणाला, आत्या, लावा यांचं लग्न. पाच वर्षं दर रविवारी त्या बाईंनी दोन सुपाऱ्यांचं लग्न लावलं. हे त्याने मला लिहिलेलं आहे, त्यात सापडेल. एकशे चाळीस गाणी झाली. आणि दर वेळी निघताना ती बाई विचारायची — "मास्तर, माजा नाव येल ना त्यान?" पुस्तकात नाव येईल ना. तेवढंच विचारायची.

तुझी वही मी वाचली. मागच्या आठवड्यात तू ठेवून गेलीस तेव्हापासून तीनदा वाचली. अक्षर काय, छापायचीसुद्धा गरज नाही. प्रस्तावना लिहितो म्हणालो होतो तुला — लिहायला घेतलीही, दोन पानं आहेत त्या टेबलावर. पण एक सांग, याची पहिली प्रत कुठे आहे? — नाही, ही पहिली नव्हे. ही नंतरची. — हीच आहे? दुसरी नाहीच घरी? नीट शोधलंस? आणि कॅसेट? — हो, सव्वीस जुलैच्या पाण्यात, तू म्हणाली होतीस. तळमजला ना तुमचा. म्हणजे ही वहीच तेवढी. आणि हिच्यावरूनच त्या कोळशेतच्या मुली शिकतायत, आठ जणी, पेटीवाल्या बाईंकडे. आणि छापखान्यात पुढच्या महिन्यात जाणार. — कशावरून म्हणजे? रेघांवरून. हे बघ, जवळ घे. हा ग, म्हणजे गंधार, खाली रेघ, कोमल. हाही कोमल. सगळे कोमल, वहीभर. पण रेघ नीट बघ, मधे जोड दिसतोय की नाही, अर्धी रेघ आधीची आणि अर्धी मागून ओढलेली. भिंग देऊ? त्याची पहिली खूण अर्ध्या रेघेची होती. अक्षराच्या डाव्या टोकापासून मधोमध, बस, तिथे थांबलेली. म्हणजे धड शुद्ध नाही, धड कोमल नाही, मधला. ही खूण कुठल्याच पुस्तकात नाही, त्याने स्वतः काढली, कारण मंजुळाबाईंचा गंधार तसाच लागायचा. नंतर त्याने त्या सगळ्या रेघा पुऱ्या केल्या. त्याच पेनाने, त्याच वहीत. आता मुळात पुऱ्या कुठल्या नि अर्ध्या कुठल्या, ते या वहीवरून देवालाही सांगता यायचं नाही, काही ठिकाणी जोड दिसतो, बाकी कुठेच दिसत नाही.

— मला? मला त्यानेच दाखवली असेल ना तेव्हा. शिष्यच होता तो माझा. — असं म्हणाला होता? तुम्हाला घरी? — हो. हो, खरं आहे ते. मलाही तेच लिहिलं होतं, सर, वही आत्ता दाखवणार नाही, छापून आल्यावर पहिली प्रत तुमच्या हातात ठेवीन, तुम्हालाच अर्पण केलीय. मग मी पाहिली कुठे, हा तुझा प्रश्न. बरोबर आहे. कोर्टात काम करतेस ना तू कल्याणला? तिथे असंच विचारतात वाटतं, शांतपणे. — पाणी दे जरा. तो तांब्या.

दे ती हिरवी. दे, काही नाही होत. मी म्हटलं होतं प्रस्तावना लिहून मोकळं व्हावं. पहिलं वाक्यही झालं, 'कै. विश्राम भोईर हे माझे शिष्य'. आणि तिथून पेन पुढे जाईना, मग उगाच दोन पानं नोटेशनच्या इतिहासावर भरली. हे बघ, ब्याण्णव, नोव्हेंबर. पुण्याचे प्रकाशक, अण्णा म्हणायचो आम्ही सगळे त्यांना, गेले बिचारे, आता ती संस्थाही नाही. 'गोपनीय. सोबत श्री. भोईर यांच्या हस्तलिखिताची झेरॉक्स प्रत. छापण्यायोग्य आहे काय, याबद्दल आपला अभिप्राय कळवावा. आपले नाव लेखकास कळविले जाणार नाही.' अशी पद्धत असते. संगीतावरचं पुस्तक प्रकाशकाला काय कळणार, तो आमच्यासारख्या कुणाला तरी विचारतो, आणि आम्ही नाव न घालता लिहितो. मी कित्येकांचे लिहिले. आणि हा त्याखालचा कार्बन. वाच. — नाही, मीच वाचतो, तुला माझं अक्षर नाही लागायचं. 'लेखकाची तळमळ वाखाणण्यासारखी आहे. तथापि लेखकाचा कान संस्कारित नाही. गंधाराच्या बाबतीत पानोपानी कान डळमळतो, आणि या अनिश्चिततेला लेखकाने अर्ध्या रेघेचे एक स्वतंत्र चिन्ह दिले आहे. असे चिन्ह शास्त्रात नाही. गंधार कोमल की शुद्ध हे ठरवून पुनर्लेखन केल्याखेरीज हे हस्तलिखित विचारात घेऊ नये.' खाली सही. माझी. संस्कारित नाही. एका आगरी शाळामास्तराला नौपाड्यातला आठल्ये लिहितोय की तुझा कान संस्कारित नाही — त्या शब्दात काय काय येतं ते तुला मी सांगायला नको.

तू उठू नकोस एवढ्यात. उठायचं तर उठ, पण पुढचं तुला ठाऊक असायला हवं, नाहीतर तू अर्धवटच घेऊन जाशील. अण्णांनी तो अभिप्राय टाइप करून, नाव वगळून, तुझ्या बाबांना पाठवला. आणि तुझ्या बाबांनी तो मला पाठवला. मलाच. त्या खाकी फाईलमधे आहे ते पत्र, त्र्याण्णव, जानेवारी. 'सर, सोबतचा अभिप्राय पाहावा. हे गृहस्थ कोण असतील? आपल्याला काही अंदाज?' आणि मी काय उत्तर दिलं — हा कार्बन — 'प्रिय विश्राम, अशी माणसे या क्षेत्रात असायचीच. मनाला लावून घेऊ नये.' चार ओळी सांत्वन. खाली आणखी, सध्या माझ्या पुस्तकाची प्रुफं तपासतो आहे, त्यामुळे लांबत नाही. कार्बन घालून लिहिलंय मी हे, स्वप्ना. बसून, कागद सारखे करून, मधे कार्बन सरकवून.

— त्याला? त्याला कळलं का, हेच विचारतेस ना. मी बरीच वर्षं धरून चाललो होतो की नाही कळलं. आता वाच तू हे दोन कागद शेजारी ठेवून. हे त्या जानेवारीचं. मायना बघ, सुरुवात. 'गुरुवर्य आठल्ये सरांस शि. सा. न. वि. वि.' शिरसाष्टांग नमस्कार. शहाऐंशीपासून प्रत्येक पत्राला हाच, कार्डावर जागा नसली तरी हाच. आता हे पुढचं, माझं सांत्वन पोचल्यानंतरचं, फेब्रुवारी. 'श्री. आठल्ये यांस स. न. वि. वि.' सप्रेम नमस्कार. कुणालाही लिहितात, विमा एजंटालाही लिहितात. तिथून पुढे शेवटपर्यंत, दोन हजार अठरापर्यंत, स. न. वि. वि. मी त्याच दिवशी पाहिलं ते. मायना बदलला की माणूस बदलला, आमच्या पिढीला एवढं कळतं. पण मी स्वतःला सांगितलं, घाईत असेल. पंचवीस वर्षं घाईत. आणि त्याला कळलं कसं तेही सांगतो, त्यातही माझाच शहाणपणा. ती दोनशे कार्डं आहेत ना तुझ्याकडे, लाल शाईची — घरी गेलीस की काढून बघ. जिथे जिथे त्याचं चुकलं तिथे तिथे समासात मी काय लिहायचो? 'कान डळमळला.' ही माझी सवय, विद्यार्थ्यांच्या वह्यांतही तेच लिहायचो, आणि अभिप्रायात हातातून तेच उतरलं. त्याने पहिल्या वाचनात ओळखलं असणार. म्हणजे ते जे पत्र त्याने मला लिहिलं ना, हे गृहस्थ कोण असतील — ते ओळखून लिहिलेलं होतं. मला एक दार उघडून दिलं होतं त्याने. मी बोललो असतो तर त्याने दुसऱ्या दिवशी इथे येऊन त्या खुर्चीत बसून चहा घेतला असता, तो तसा होता. आणि मी त्याला लिहिलं, अशी माणसे असायचीच.

तरी त्याने विचारलं. फेब्रुवारीच्या त्याच पत्रात, स. न. वि. वि.च्या खाली — गंधार कोमल करू की शुद्ध, आपण सांगाल तसे करतो, मंजुळाआत्याचे वय झाले आहे, तिच्या डोळ्यांदेखत पुस्तक व्हावे. बाईंसाठी गिळलं त्याने ते. आणि मी लिहिलं, सगळीकडे कोमल कर. एका ओळीत. मग त्याने तुमच्या त्या तळमजल्यावर बसून एकशे चाळीस गाण्यांतल्या सगळ्या अर्ध्या रेघा पुऱ्या केल्या. तू लहान असशील, तुला आठवतंय का बघ. — आठवतंय? तू शाई वाळवायला फुंकर मारायचीस? — बरं. नको सांगूस पुढे.

पंच्याण्णवमधे ते दुरुस्त हस्तलिखित अण्णांकडे गेलं आणि अण्णांनी परत माझ्याकडेच पाठवलं, रीतच तशी, ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्यानेच पुन्हा पाहायचं. आणि आता वाचताना मला सगळी गाणी एकसारखी दिसायला लागली. हळदीचं गाणं तेच, तेलवणाचं तेच, पाठवणीचं तेच, सगळीकडे तोच कोमल गंधार, आमच्या कुठल्याही भजनातला. मी लिहिलं, 'दुरुस्ती समाधानकारक, परंतु संग्रहात नवीन असे काही आढळत नाही.' नवीन होतं ते मीच काढायला लावलं आणि मग लिहिलं की नवीन काही नाही. अण्णांनी साभार परत केलं. विषय संपला. माझं पुस्तक तोपर्यंत आलं होतं, बक्षीसही मिळालं त्याला, ती शाल त्या ट्रंकेत आहे, कसर लागली असेल.

आणि मग अठ्ठ्याण्णवला मी मंजुळाबाईंना ऐकलं. तोपर्यंत ऐकलंच नव्हतं. हसतेस का? — नाही हसत. हसलीस तरी चालेल. आमच्या कॉलेजातला शिपाई तानाजी, त्याच्या मुलीचं लग्न कोळशेतला, आग्रहाने बोलावलं म्हणून गेलो, आहेर द्यायचा आणि निघायचं अशा बेताने. मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो आणि आतून आवाज आला. म्हातारा, फाटका, ना तंबोरा ना पेटी. दोन तास बसलो, जेवणाची पंगत उठली तरी बसलो. तो गंधार — अगं, तो मधलाच होता, जिथे तुझ्या बाबांनी रेघ थांबवली होती तिथेच. आणि दर वेळी तिथेच. दर गाण्यात नाही हं, काही गाण्यांत पुरा कोमल, काहींत तो मधला, आणि कधी कुठला हे ठरलेलं. बेसूर माणूस दोनदा एकाच जागी बेसूर होत नाही. दोन तासांत ती बाई एकदाही हलली नाही. घरी आलो, विश्रामला पत्र लिहायला बसलो. सात वेळा लिहिलं. सातही त्या हिरव्या फाईलमधे मागे आहेत, पाकिटात — बाकी सगळी पत्रं लिहून पोस्टात टाकली, या सातांचा मात्र नुसता कार्बन नाही, मूळही इथेच आहे.

— का नाही टाकलं. तेच ना. मी इतकी वर्षं याची फार चांगली चांगली उत्तरं तयार केलीत. म्हणजे, एकाच बाईला ऐकून संपूर्ण सिद्धांत बदलता येत नाही, अजून दोन-तीन गावांतल्या धवलारणी ऐकायला हव्यात, पुरावा हवा. थकवा येतो अशा उत्तरांचा. लाज वाटली. लाजेपलीकडे त्यात काही नाही. दोन हजार तीनमधे मंजुळाबाई गेल्या, ते विश्रामने कार्डाने कळवलं, दोन ओळी, मी दोन ओळी दुखवटा पाठवला. मग एकविसात तो गेला, त्या दुसऱ्या लाटेत, मला पेपरात दिसलं. मी तुमच्याकडे आलोसुद्धा नाही. बंदी होती म्हणून नाही आलो असं म्हणता येईल, म्हणायला काय.

एवढं सांगून थांबणार होतो मी. की अठ्ठ्याण्णवला मला चूक कळली. पण तू अशी बघतेयस ना, त्यामुळे — तसं नाही ते. मला ब्याण्णवलाच कळलं होतं. अण्णांची प्रत आली तेव्हा मी लाल शाई घेऊनच बसलो होतो, सवयीने, आणि एकशे चाळीस गाणी संपली तरी एकही खूण करता आली नाही. कान डळमळणाऱ्या माणसाची खूण इकडेतिकडे पडते. याची अर्धी रेघ ठराविक विधींच्या गाण्यांतच होती, त्याबाहेर एकदाही नव्हती. मी ते पाहिलं, मोजून पाहिलं, आणि मग कागद घेऊन लिहिलं की कान डळमळतो. कारण माझ्या पुस्तकात मी म्हटलं होतं की लोकगीतांतला प्रत्येक स्वर शेवटी कुठल्यातरी रागात जाऊन बसतो, आणि त्याचा गंधार कशातच बसत नव्हता. माझी प्रुफं आलेली होती. सतरा वर्षं लिहीत होतो ते, आणि एक प्राथमिक शिक्षक, ज्याला मी कार्डावर सरगम शिकवली, तो अर्ध्या रेघेने ते मोडत होता. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुलाही सांगायचं नव्हतं, तू फक्त प्रस्तावना मागायला आली होतीस.

ते पलंगाखालचं खोकं ओढ. वरची वर्तमानपत्रं काढ. खाली कापडात आहे. — हो, तीच. अण्णांची झेरॉक्स. अभिप्रायाबरोबर प्रत परत पाठवायची असते, त्यांनी दोनदा कार्ड टाकून मागितली, मी पाठवली नाही. दुरुस्तीच्या आधीची आहे, सगळ्या अर्ध्या रेघा शाबूत आहेत. कडा पिवळ्या झाल्यात, चौऱ्याहत्तराव्या पानावर वाळवी लागलीय थोडी, पण गाणं वाचता येतं. ही छाप. ती वही नको, वही घरात ठेव. आणि त्या मुलींची पेटी बंद कर आधी, पेटीवर हा स्वर नाहीच, पेटीत कोमलची पट्टी आहे आणि शुद्धची आहे, मधे काही नाही. तोंडाने शिकवा. तुझ्या आईला येत असेल एखादं, किंवा तुमच्यात कुणा म्हातारीला. विचार. लवकर विचार.

प्रस्तावना मी लिहिणार नाही. अर्पणपत्रिकेतून माझं नाव काढ. — ठेवणार? त्याने लिहिलंय म्हणून? तुझ्या बाबांनी ते खोडलं नाही, हे मीही पाहिलं. रेघा पुऱ्या करताना समोरच होतं ते पान, खोडता आलं असतं. मग असं कर, ते ठेव, आणि त्याच्या समोरच्या पानावर तो अभिप्राय छाप. पहिला, ब्याण्णवचा, जसाच्या तसा, खाली माझं पूर्ण नाव. आत्ता या क्षणी लिहून देतो हवं तर, की माझी हरकत नाही. — नको? ठीक आहे. तुमचं पुस्तक, तुम्ही ठरवा. ही खाकी फाईल ने, हिरवीही ने, मी आता दोन्ही वाचणार नाही. उरलेली रद्दीवाल्याला सांगितलीय, तो शनिवारी येतो.

किती वाजले? तुला डोंबिवलीला पोचेपर्यंत उशीर होईल, जा तू. काही बोलायचं असेल तर — नाही. बरोबर आहे, आज नको. अगं नको, नको — पाया नको पडूस माझ्या, वाकू नकोस, आज तर अजिबात — — अच्छा. पिशवी. पिशवी उचलत होतीस. — उचल, उचल. दोन्ही बंद धर, जड आहे ती.